दातांच्या दवाखान्यातलं सक्शन: निवड, जोडणी आणि निगा

दात कोरताना हँडपीसमधून, म्हणजे डॉक्टरच्या हातातल्या कोरायच्या यंत्रातून, मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर पाणी फवारलं जातं. दहा मिनिटांच्या कामात अर्धा लिटर. त्यात लाळ, रक्त, दाताचा भुगा आणि जुन्या फिलिंगचे कण मिसळतात, आणि हे सगळं आडव्या झोपलेल्या माणसाच्या घशाशी जमतं. ते वेळच्या वेळी ओढलं गेलं नाही तर पेशंटला ठसका लागतो, आरशावर पाणी साचून दात दिसेनासा होतो, चिकटवायचं फिलिंग ओल्या दातावर नीट धरत नाही आणि उडालेला बारीक फवारा खोलीत तरंगत राहतो. इतकं सगळं ज्याच्यावर अवलंबून आहे ते सक्शन, म्हणजे हे सगळं ओढून घेणारी यंत्रणा, खरेदीच्या यादीत मात्र बहुतेकदा शेवटी येतं. चेअर ठरते, लाइट ठरतो, आणि सक्शन ‘चेअरबरोबर जे येईल ते’.

सक्शनची मोटर, पाइप, जाळ्या, नळ्या हे सगळं मिळून एकच वाट आहे. तोंडातून निघालेली हवा इमारतीबाहेर पडेपर्यंतची. या वाटेत हवा किती मोकळी वाहते, यावरच सक्शन चांगलं की वाईट हे ठरतं. निवड करताना आणि निगा राखताना ही वाट डोळ्यांसमोर ठेवली की बरेचसे प्रश्न आपोआप सुटतात.

व्हॅक्यूम वेगळा, प्रवाह वेगळा

माहितीपत्रकात दोन आकडे असतात आणि खरेदीतल्या निम्म्या चुका त्यांची गल्लत झाल्यामुळे होतात. पहिला आकडा व्हॅक्यूमचा, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा आतला दाब किती कमी आहे त्याचा. तो कुठे मिलिबारमध्ये, कुठे किलोपास्कलमध्ये, तर कुठे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. १ किलोपास्कल म्हणजे १० मिलिबार आणि पाऱ्याचे साधारण साडेसात मिलिमीटर. दुसरा आकडा प्रवाहाचा, म्हणजे मिनिटाला किती लिटर हवा ओढली जाते त्याचा.

फरक समजायला पेय प्यायची नळी घ्या. तिचं टोक बोटाने बंद करून जोरात ओढा. गाल आत जातात, म्हणजे व्हॅक्यूम भरपूर आहे, पण नळीतून काहीच येत नाही. आता बोट काढा. हवा सहज येते, गाल मात्र सैल पडतात. पंपाचंही असंच असतं. सगळ्यात जास्त व्हॅक्यूम मिळतो तेव्हा प्रवाह शून्य असतो, आणि सगळ्यात जास्त प्रवाह मिळतो तेव्हा व्हॅक्यूम जवळपास शून्य असतो. जाहिरातीत हे दोन्ही टोकाचे आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात. प्रत्यक्षात ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. म्हणून विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायचा: ‘कामाच्या व्हॅक्यूमला, म्हणजे १५० ते २०० मिलिबारला, प्रवाह किती?’ ज्याच्याकडे पंपाचा आलेख आहे तो लगेच सांगतो.

तोंडात साचलेली लाळ ओढायला थोडा प्रवाह पुरतो. हवेत उडणारा फवारा पकडायचा तर टिपच्या, म्हणजे नळीच्या टोकाला बसवलेल्या तोंडाच्या, आसपासची बरीच हवा एकदम आत खेचावी लागते, तेव्हाच थेंब तिच्याबरोबर येतात. त्यासाठी मोठ्या टिपला मिनिटाला २५० ते ३०० लिटर हवा लागते. आयएसओ १०६३७ या आंतरराष्ट्रीय मानकातही २५० लिटरच्या वरच्या प्रवाहाला मोठा आणि ९० ते २५० लिटरला मध्यम धरलं आहे. ‘पाऱ्याचे ६०० मिलिमीटर व्हॅक्यूम’ असं लिहिलेला छोटा बाटलीवाला पंप मिनिटाला जेमतेम २०-३० लिटर हवा ओढत असू शकतो. शस्त्रक्रियेत २-३ मिलिमीटरच्या बारीक टिपने रक्त टिपायला तो उत्तम आहे, कारण बारीक तोंडातून दाट द्रव ओढायला जोर लागतो. दातांवरचा थर काढणाऱ्या अल्ट्रासॉनिक स्केलरचा फवारा मात्र त्याला पकडता येत नाही, मग त्याच्या घड्याळाचा काटा कितीही वर जाऊ दे.

कोणत्या प्रकारचा पंप

सगळ्यात साधी पद्धत व्हेंच्युरीची. कॉम्प्रेसरची हवा एका अरुंद भोकातून वेगाने जाते आणि शेजारच्या नळीतली हवा स्वतःबरोबर ओढून नेते. फिरणारा भाग एकही नसल्यामुळे मोडण्यासारखं काही नसतं. पण हिला लागणारी हवा हँडपीसच्याच कॉम्प्रेसरमधून जाते, त्यामुळे कॉम्प्रेसर लहान असेल तर सक्शन चालू केल्याबरोबर हँडपीसचा दाब पडतो. शिवाय ती लाळेपुरतीच. पाण्याच्या धारेवर चालणारा असाच एक प्रकार आहे. तो पाणी वाया घालवतो आणि पाण्याचा दाब अचानक गेला तर घाण पाणी उलट पिण्याच्या लाइनीत शिरण्याची भीती असते. तो टाळलेलाच बरा.

बाटलीवाल्या पंपात द्रव आधी बाटलीत पडतो आणि पंपात फक्त हवा जाते. बाटली भरत आली की तरंगता व्हॉल्व्ह हवेची वाट बंद करतो. बाटली आणि पंप यांच्यामध्ये एक जंतुरोधक फिल्टर असतो, तो पाणी आत सोडत नाही. मात्र एकदा भिजला की तो हवाही सोडत नाही, आणि ‘पंप गेला’ अशी तक्रार येते तेव्हा अनेकदा एवढंच झालेलं असतं. बाटली दोन-तृतीयांश भरली की रिकामी करावी. व्हॉल्व्ह अडवेल या भरवशावर काम सुरू ठेवू नये.

एकापेक्षा जास्त चेअर असतील किंवा स्केलिंग (दातांवरचा थर काढणं) आणि क्राउनचं (दातावरच्या टोपीचं) काम रोजचं असेल, तर मध्यवर्ती पंप हवा. यात दोन मोठे प्रकार आहेत.

ओल्या पंपात पंखा खोलीच्या मधोमध न बसवता एका बाजूला सरकवून बसवलेला असतो. फिरताना पाणी भिंतीकडे फेकलं जाऊन त्याचं कडं तयार होतं, आणि पंख्याच्या पात्यांमधली जागा एकीकडे वाढते, दुसरीकडे कमी होते. त्यातून ओढ निर्माण होते. द्रव आत गेला तरी याचं काही बिघडत नाही आणि व्हॅक्यूम चांगला मिळतो. किंमत पाण्यात मोजावी लागते: मिनिटाला २ लिटर धरले तरी ८ तासांत ९६० लिटर. पाणी जड असेल तर आत क्षार चढतात आणि ओढ हळूहळू कमी होते. नळाचं पाणी थांबलं की पंप कोरडा पडून सील जळतं, म्हणून पाणी नसताना मोटर बंद करणारी यंत्रणा आहे ना, हे विचारून घ्यावं.

कोरड्या पंपात वेगाने फिरणारी टर्बाइन चाकं हवा ओढतात. पाणी लागत नाही, प्रवाह भरपूर मिळतो, व्हॅक्यूम मध्यम असतो. दंतकामाला नेमकं हेच हवं असतं. पण द्रव हा या टर्बाइनचा शत्रू. म्हणून तिच्याआधी सेपरेटर असतो, तो हवा आणि पाणी वेगळं करतो. सेपरेटर प्रत्येक चेअरमध्ये असेल तर पाइपमधून फक्त हवा जाते, त्याला पूर्ण कोरडी रचना म्हणतात. सेपरेटर पंपाशेजारी एकच असेल तर पाइपमधून हवा-पाणी एकत्र येतं, ती अर्धकोरडी रचना. पहिल्या रचनेत पाइपना उतार नसला तरी चालतं, पण प्रत्येक चेअरमध्ये एक जास्तीचं यंत्र सांभाळावं लागतं. दुसऱ्या रचनेत यंत्र एकच, पण पाइप बिनचूक टाकावे लागतात.

पाण्याची खात्री नसेल तर कोरडा पंप घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. नवीन दवाखान्याला ओला पंप सुचवण्याचं कारण आता फारसं उरलेलं नाही. अपवाद जिथे शस्त्रक्रिया जास्त होतात आणि जास्त व्हॅक्यूमची खरोखर गरज असते तिथला.

क्षमता ठरवताना चेअर मोजू नयेत, एका वेळी मोठी टिप वापरणारे हात मोजावेत. दोन चेअर आणि दोन डॉक्टर असतील तर दोन्हीकडचा पूर्ण प्रवाह धरावा, म्हणजे ६०० लिटर, त्यात लाळेच्या नळ्यांचे थोडे जास्तीचे. सहा चेअर असतील तर सहाही मोठ्या टिप एकाच क्षणी चालू असतील असं सहसा होत नाही, त्यामुळे तिथे थोडी कपात चालते. पुढे चेअर वाढणार असेल तर पंप नंतर बदलता येतो. फरशीखालचा पाइप बदलता येत नाही.

पाइप: इथे हात आखडू नका

वेगाने वाहणाऱ्या हवेला पाइपमधून होणारा अडथळा व्यासाच्या साधारण पाचव्या घातात बदलतो. म्हणजे व्यास निम्मा केला तर तेवढीच हवा न्यायला ३२ पट जास्त दाब खर्ची पडतो. महागडी मोटर घेऊन अरुंद पाइप टाकला तर तिची सगळी ताकद पाइपातच संपते. म्हणून मुख्य पाइप सहसा ५० मिलिमीटरचा आणि चेअरची शाखा ४० मिलिमीटरची ठेवतात. नेमका व्यास पंपाच्या कंपनीच्या तक्त्यावरून, अंतर आणि चेअरची संख्या पाहून ठरवावा. एक नियम मात्र कुठेच मोडू नये: चेअरकडून पंपाकडे जाताना पाइप कधीही बारीक होता कामा नये.

उतार पंपाच्या दिशेने, दर मीटरला निदान १ सेंटिमीटर. मध्ये कुठेही झोळ नको. पाइप दोन आधारांच्या मध्ये जरा जरी लवला, तरी तिथे पाणी साचतं, साचलेल्या पाण्यात भुगा बसतो, आणि काही महिन्यांत पाइपचा निम्मा व्यास गाळाने भरतो. अशी जागा आवाजावरून कळते: सक्शन चालू-बंद करताना पाइपात घुटघुट ऐकू येते.

काटकोनी एल्बो वापरू नये. वळण घ्यायचंच असेल तर ४५ अंशांचे दोन तुकडे थोड्या अंतरावर लावावेत. शाखा मुख्य पाइपला मिळते तिथे टी ऐवजी वाय जोड, आणि तोही प्रवाहाच्या दिशेने तिरका. टीमध्ये समोरून येणारं पाणी थेट दुसऱ्या भिंतीवर आपटतं आणि उलट शाखेतही शिरतं. प्रत्येक लांब पाइपच्या टोकाला उघडता येईल असं झाकण ठेवावं, कधीतरी ते लागतंच. फरशी बसण्याआधी पट्टी ठेवून फोटो काढावेत, म्हणजे पुढे खोदायची वेळ आली तर नेमकी जागा सापडते. आणि त्याच दिवशी सगळी टोकं बंद करून व्हॅक्यूम किती चढतो ते लिहून ठेवावं. सांधा गळत असेल तर तो सिमेंटखाली जाण्याआधी कळलेला बरा.

पंपाची जागा शक्य तर चेअरच्या पातळीखाली असावी, मोकळ्या हवेची असावी आणि तिथे पाणी भरणार नाही अशी असावी. टर्बाइनमधून बाहेर पडणारी हवा चांगलीच गरम असते. तिला साधा प्लास्टिकचा पाइप लावला तर तो मऊ होऊन वाकतो, म्हणून पहिला टप्पा उष्णता सोसणाऱ्या पाइपचा लागतो. ही हवा जंतुरोधक फिल्टरमधून इमारतीबाहेर सोडायची. खोलीत नाही आणि कोणाच्या खिडकीखालीही नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षातून सुटते: सक्शन आणि कॉम्प्रेसर एकाच कोपऱ्यात ठेवतात, आणि सक्शनची बाहेर पडणारी हवा कॉम्प्रेसर आत ओढतो. पेशंटच्या तोंडातून ओढलेली हवा त्यामुळे हँडपीसमधून पुढच्या पेशंटच्या तोंडात जाते. या दोन तोंडांमध्ये भरपूर अंतर हवंच.

टिप कशी धरायची, आणि ओठ का मिटायचे नाहीत

चांगल्या पंपाचं काम चुकीची टिप बिघडवते. मोठ्या टिपचं तोंड निदान ८ मिलिमीटरचं असावं, १० किंवा जास्त असेल तर उत्तम. मध्ये बारीक होऊन पुन्हा रुंद होणाऱ्या टिप दिसायला नाजूक असतात, पण त्या प्रवाह गिळतात. टिपची तिरकी कापलेली बाजू दाताच्या पृष्ठभागाला समांतर ठेवून हँडपीसच्या टोकापासून साधारण १ ते दीड सेंटिमीटरवर धरायची. त्याहून लांब गेली की ओढ झपाट्याने कमी होते, फारच जवळ नेली तर दात थंड ठेवणारं पाणी दातावर पडण्याआधीच ओढलं जातं. गाल किंवा जीभ टिपला चिकटू नये म्हणून काही टिपना बाजूला छोटी भोकं असतात. ती बोटाखाली झाकली जाऊ नयेत.

लाळेच्या नळीबाबत एक धोका सगळ्यांना माहीत असायला हवा. ‘ओठ मिटून ओढून टाका’ असं पेशंटला सांगायची सवय सर्रास आहे. ओठ घट्ट मिटले की तोंडात बंद पोकळी तयार होते आणि तिथला दाब नळीतल्या दाबापेक्षा कमी होऊ शकतो. मग नळीतला द्रव, ज्यात आधीच्या पेशंटचं रक्त-लाळ असू शकतं, उलट तोंडात येतो. लाळेची आणि मोठी अशा दोन्ही नळ्या एकदम चालू असतानाही असं होऊ शकतं. नळीचा काही भाग पेशंटच्या तोंडाहून उंच लोंबत असेल तर गुरुत्वाकर्षणही त्याच दिशेला मदत करतं. टिप प्रत्येक पेशंटला नवी असली तरी तिच्यामागची नळी तीच असते. म्हणून ओठ मिटायला सांगू नये. चूळ भरलेलं पाणी पेल्यात किंवा बेसिनमध्ये टाकू द्यावं, किंवा मोठ्या टिपने ओढावं.

रोजचं धुणं

पाइपच्या आतल्या भिंतीवर रक्तातली आणि लाळेतली प्रथिनं चिकटतात, त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, त्या थरात भुगा रुततो. सुरुवातीला हा थर मऊ असतो आणि साध्या पाण्यानेही निघतो. रात्रभर वाळला की तो दगड होतो. सक्शनची अर्धी दुरुस्ती ही न केलेल्या संध्याकाळच्या धुण्याची दुरुस्ती असते.

प्रत्येक पेशंटनंतर, वापरलेल्या प्रत्येक नळीतून एक पेलाभर थंड पाणी ओढावं. शस्त्रक्रियेनंतर जास्त. पाणी गरम नको, कारण गरम पाण्याने रक्तातली प्रथिनं गोठतात आणि भिंतीला पक्की चिकटतात. ओढताना नळीचं तोंड पाण्यात बुडवून न ठेवता पाण्याबाहेर काढत, पुन्हा बुडवत, हवा-पाणी आलटून पालटून जाऊ द्यावं. फक्त पाणी ओढलं तर ते पाइपच्या तळाशी वाहतं आणि वरची भिंत कोरडीच राहते. हवेबरोबर घुसळून गेलेलं पाणी पूर्ण गोलाई धुतं.

दिवसातून निदान एकदा, आणि काम जास्त असेल तर दुपारी व संध्याकाळी, सक्शनसाठीच बनवलेलं जंतुनाशक क्लीनर वापरायचं. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं. २ टक्के लिहिलं असेल तर २० मिलिलिटर क्लीनर आणि ९८० मिलिलिटर पाणी. दर चेअरला साधारण १ ते २ लिटर द्रावण सगळ्या नळ्यांमधून वाटून ओढावं. त्या दिवशी न वापरलेल्या नळीतूनही, कारण साचलेलं पाणी तिथेच सगळ्यात जास्त खराब होतं. आधी साध्या पाण्याने चिकटलेली घाण काढायची, मग द्रावण ओढायचं, आणि मोटर बंद करून कंपनीने सांगितलेला वेळ ते आतच राहू द्यायचं. संध्याकाळचं द्रावण रात्रभर राहिलं तर चालेल की नाही, हे बाटलीवर पाहावं.

क्लीनर फेस न करणारंच हवं. भांड्यांचा साबण, फरशीचं लिक्विड, शाम्पू यांतलं काहीही नळीत जाता कामा नये. फेस वजनाला हलका असतो. सेपरेटरमध्ये पाणी खाली पडतं, पण फेस हवेबरोबर वर जाऊन थेट टर्बाइनमध्ये शिरतो. काही यंत्रांत पातळी मोजणारा सेन्सर फेसालाच पाणी समजून मोटर बंद करतो. ब्लीचही नको, ते धातूचे भाग आणि रबर खातं. रूट कॅनॉलमध्ये वापरलेलं हायपोक्लोराइट (तेही ब्लीचच) सक्शनमध्ये जातंच, ते टाळता येत नाही, पण त्यामागून लगेच भरपूर पाणी ओढलं पाहिजे. हायड्रोजन पेरॉक्साइड रक्तावर पडून फेस करतं, तिथेही हेच.

पॉलिशिंगच्या पावडरीचं काम असेल तर पाणी दुप्पट ओढावं. पावडर ओली होऊन पाइपात चिकटते आणि सुकून घट्ट बसते. अल्जिनेट (दातांचा साचा घ्यायचं मिश्रण) आणि प्लास्टरचे तुकडे तर सक्शनमध्ये सोडूच नयेत.

जुनी चांदीची फिलिंग काढणाऱ्या दवाखान्यांसाठी ब्लीच न वापरण्याचं आणखी मोठं कारण आहे. त्या फिलिंगमध्ये निम्म्याच्या आसपास पारा असतो. क्लोरीनयुक्त किंवा फार आम्लधर्मी द्रव कणांमधला पारा विरघळवतो आणि तो सांडपाण्यात जातो. विरघळलेला पारा कुठलाच गाळणारा भाग अडवू शकत नाही. म्हणून क्लीनरचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, ६ ते ८ च्या दरम्यान असावा, असं अमेरिकेच्या नियमात म्हटलं आहे. पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१३ साली झाला आणि २०१७ पासून लागू आहे. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून नव्याने अशी फिलिंग भरणं, वैद्यकीय गरजेचा अपवाद सोडून, बंद आहे. पण आधी भरलेली फिलिंग पुढची अनेक वर्षं निघत राहणार. त्यासाठी या फिलिंगचे (अमालगमचे) कण अडवणारा अमालगम सेपरेटर लागतो, आणि आयएसओ १११४३ नावाच्या मानकाप्रमाणे त्याने वजनाने निदान ९५ टक्के कण अडवायला हवेत. त्याचं भांडं भरलं की बदलायचं, धुवून पुन्हा वापरायचं नाही. जाळीत अडकलेले कणही बेसिनमध्ये झटकू नयेत. झाकणबंद डब्यात वेगळे ठेवून पाऱ्याचा कचरा उचलणाऱ्यांकडे द्यावेत.

जाळ्या, रिंगा आणि फिल्टर

चेअरमध्ये नळ्यांच्या मुळाशी एक जाळी असते. कापसाचे बोळे, फिलिंगचे तुकडे, दात सरळ करायच्या तारेचा निघालेला ब्रॅकेट असं सगळं तिथे अडकतं. ती निदान आठवड्यातून एकदा बदलावी, शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याच संध्याकाळी. जाळी काढताना सक्शन चालू ठेवावं, म्हणजे गळणारं पाणी बाहेर न सांडता आत ओढलं जातं. हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच. जाळीला भोक पडलं म्हणून ती न लावताच काम करणं फार महागात पडतं, कारण पुढचा भाग अडकला तर चेअर उघडावी लागते.

टिप जिथे नळीला बसते तिथे रबरी ओ-रिंग असते. ती कोरडी पडली की टिप घट्ट बसते, जोर लावला की रिंग कापली जाते, आणि मग तिथून सतत हवा शिरते. महिन्यातून एकदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पेट्रोलियम जेली नको, तिच्याने अनेक प्रकारचं रबर फुगतं. टिप बसवण्याचा भाग ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) होणारा असेल तर तो काढून नेमाने ऑटोक्लेव्ह करावा. तो होत नसेल तर प्रत्येक पेशंटनंतर पुसून निर्जंतुक करावा. बाहेर पडणाऱ्या हवेवरचा जंतुरोधक फिल्टर साधारण वर्षातून एकदा बदलतात. तो तुंबला तर हवेला बाहेर पडायला वाट राहत नाही, आणि आत ओढ कमी झाल्यासारखी वाटते. दोष मात्र सगळीकडे शोधला जातो आणि तिथे कोणी पाहत नाही.

ओढ हळूहळू कमी झाली तर ती रोज वापरणाऱ्यालाच कळत नाही. त्यावर सोपा उपाय: यंत्र नवं असताना एका मापाच्या भांड्यात १ लिटर पाणी घेऊन मोठ्या नळीने ते किती सेकंदांत ओढलं जातं ते मोजून लिहून ठेवावं. लाळेच्या नळीचंही वेगळं मोजावं. मग दर महिन्याला तीच चाचणी, तीच टिप लावून, बाकीच्या नळ्या बंद ठेवून. वेळ एक-चतुर्थांशाने वाढली की कुठेतरी तुंबायला लागलं आहे.

बिघाड कुठे आहे

पहिला प्रश्न: ओढ कुठेकुठे कमी आहे? एकाच नळीत कमी असेल तर टिप, ओ-रिंग, हँडलचा खटका आणि नळीला पडलेली घडी एवढंच पाहायचं. एका चेअरच्या सगळ्या नळ्यांत कमी असेल तर चेअरची जाळी आणि चेअरचा व्हॉल्व्ह. नळी हुकवर अडकवल्यावर तिची हवा बंद व्हायला हवी. हुकाचा स्विच बिघडला तर न वापरलेली नळी आतून उघडीच राहते आणि दुसरीची ओढ खाते. सगळ्या चेअरमध्ये कमी असेल तर पंप, मुख्य फिल्टर, बाहेरचा फिल्टर किंवा मुख्य पाइप. तेव्हा पंपाजवळच नळी काढून ओढ पाहावी. तिथे जोर चांगला असेल तर दोष पाइपात आहे, मोटर खोलायची गरज नाही.

शिट्टीसारखा आवाज म्हणजे हवा कुठून तरी आत शिरते आहे. घुटघुट म्हणजे पाणी साचलंय. वास येत असेल तर तो सेपरेटरमधून किंवा साचलेल्या नळीतून. सुगंधी गोळी टाकून तो जात नाही, धुतल्यानेच जातो. मोटर गरम होऊन बंद पडत असेल तर आधी वाट तुंबली आहे का ते पाहावं. टर्बाइनमधून हवा वाहिली नाही तर आतली तीच हवा घुसळून तापत राहते. म्हणूनच तिच्याआधी एक सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, वाट पूर्ण बंद झाली तर तो थोडी बाहेरची हवा आत सोडतो. हा व्हॉल्व्ह ‘हवा गळतेय’ म्हणून घट्ट आवळून टाकलेला आढळला तर मोटर जळण्याचं कारण सापडलंच.

तीन फेजच्या मोटरची वायरिंग दुरुस्त झाल्यावर ओढ अचानक गेली, तर मोटर उलटी फिरत आहे का पाहावं. अंगावरच्या बाणाशी दिशा जुळवून पाहिलं की लगेच कळतं. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, असं एका फेजच्या मोटरमध्ये बहुधा कॅपॅसिटर गेल्यामुळे होतं. पंपातून पाणी बाहेर येत असेल तर तिथेच थांबवून तंत्रज्ञाला बोलवावं. पुन्हा पुन्हा चालू करून पाहिलं तर बेअरिंगही जातं.

दवाखाना काही दिवस बंद राहणार असेल तर शेवटच्या संध्याकाळी पाणी, मग क्लीनर, मग पुन्हा भरपूर पाणी ओढावं, जाळी नवी बसवावी, आणि सगळ्या नळ्या उघड्या ठेवून १०-१५ मिनिटं मोटर नुसती हवेवर चालवावी, म्हणजे पाइप आतून बऱ्यापैकी कोरडे होतात. ओल्या पंपाचा पाण्याचा नळ बंद करावा. परत आल्यावर पहिला पेशंट घेण्याआधी एक लिटर पाण्याची चाचणी करून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहावी.